परसातल्या कोंबड्या एकमेकींना रक्तबंबाळ करत आहेत: कारण कसे शोधावे?

परसदार | १२ जुलै

नमस्कार. चिपळूण तालुक्यातल्या एका खेड्यात आमचे घर आहे आणि घरामागच्या परसात गेली चार वर्षे मी कोंबड्या पाळते. सध्या १२ कोंबड्या आणि २ कोंबडे आहेत. त्यांतल्या सात गावठी, चार गिरिराज आणि एक कडकनाथाची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, आहे. दोन्ही कोंबडे गावठी आहेत. आजवर किरकोळ चोचाचोचीपलीकडे काही घडले नव्हते. गेल्या तीन आठवड्यांत मात्र चित्र पार बदलले आहे. दोन गिरिराज कोंबड्यांची शेपटीच्या मुळाशी असलेली पिसे उपटली गेली असून तिथली कातडी उघडी पडली आहे. कडकनाथाच्या तलंगेला तर बाकीच्यांनी रक्त येईपर्यंत टोचले, तेव्हा तिला डालग्याखाली वेगळे ठेवावे लागले. शिवाय मोठा कोंबडा माणसांच्या अंगावर धावून येऊ लागला आहे. परवा त्याने शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाच्या पोटरीवर पायामागच्या काट्याने जखम केली.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, एकदा रक्ताची चटक लागली की कोंबडी सुधारत नाही, म्हणून टोचणाऱ्या तिघींना काढून टाकावे. मला ते पटत नाही, कारण याच तिघी मे महिन्यापर्यंत अगदी शांत होत्या. या तीन आठवड्यांत त्यांचे काय बिनसले असावे आणि त्यांना पुन्हा शांत कसे करावे, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

जांभा | १२ जुलै

परसदार ताई, आपण एका दमात जे प्रकार सांगितले आहेत ते एकाच रोगाची लक्षणे समजू नयेत, अशी माझी पहिली विनंती आहे. चोच कुठे मारली जाते, हे आधी पाहावे. डोक्यावर आणि तुऱ्यावर मारलेली चोच ही मानपानाची असते. दाण्याजवळ आधी कोण जाणार आणि काठीवर वर कोण बसणार, हे कोंबड्या तशाच ठरवतात, आणि एकदा ठरले की बहुतेक वेळा नुसती मान उंचावली तरी खालची कोंबडी बाजूला होते. पाठीवरची आणि शेपटीच्या मुळाची पिसे उपटणे हा मात्र भांडणाचा प्रकारच नव्हे. त्या वेळी टोचणारी कोंबडी रागावलेली दिसत नाही. माती उकरून किडा वेचावा तितक्याच शांतपणे ती दुसरीचे पीस ओढते आणि कित्येकदा गिळूनही टाकते. तिला टोचायला जमीन मिळालेली नसते, म्हणून तिची चोच शेजारणीच्या अंगाकडे वळते.

तिसरा प्रकार खुडूक कोंबडीचा. अंड्यांवर बसलेली कोंबडी पिसे फुलवून अंगावर येते, पण ती तिच्या मातृत्वाची रीत आहे आणि तिला फार तर वेगळी जागा द्यावी लागते. कोंबडा माणसावर धावतो तो चौथा प्रकार, आणि त्याचा बाकीच्यांशी काही संबंध असेलच असे नाही.

आपल्याकडे पहिल्यापेक्षा दुसरा प्रकार अधिक दिसतो. म्हणून काही गोष्टी विचारतो. खुराड्याची लांबीरुंदी किती आहे? पाऊस लागल्यापासून कोंबड्या दिवसाचे किती तास बाहेर असतात? खायला काय देता? खुराड्यात रात्री दिवा असतो का?

परसदार | १३ जुलै

जांभा दादा, आपल्या प्रश्नांची उत्तरे लिहिता लिहिता माझ्याच लक्षात काही गोष्टी आल्या. खुराडे चार फूट रुंद आणि पाच फूट लांब आहे. पावसाळ्याआधी ते फक्त रात्रीपुरते लागत असे, कारण दिवसभर सगळ्या परसात आणि मागच्या काजूच्या बागेत हिंडत असत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झड लागली, त्यात मुंगसाने एक कोंबडी नेली, तेव्हापासून जेमतेम तासभर सोडते. खाण्यात तांदळाची कणी, भाताचा कोंडा आणि घरातले उरलेले अन्न असते. बाहेर हिंडताना त्यांना किडे, वाळवी आणि हिरवा पाला मिळत असे, तो आता मिळत नाही.

दिव्याचे म्हणाल तर, ओल राहू नये आणि मुंगूस फिरकू नये म्हणून जूनपासून खुराड्यात ६० वॅटचा बल्ब रात्रभर चालू असतो. त्याचा या प्रकाराशी संबंध असेल अशी शंकाही मला आली नव्हती.

पशुसेवक निवृत्त | १३ जुलै

मी पशुधन विकास अधिकारी म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. ताईंच्या या दुसऱ्या टिपणात बहुतेक उत्तर आले आहे, तरी ते थोडे उलगडून सांगतो.

वीस चौरस फुटांत १४ पक्षी म्हणजे एका पक्ष्याला दीड चौरस फूटही जागा नाही. रात्री झोपण्यापुरती तेवढी जागा चालून जाते, दिवसभर कोंडून ठेवण्यासाठी ती अजिबात पुरत नाही. गादी पद्धतीत, म्हणजे तळाशी तुसाचा थर घालून पाळताना, मोठ्या कोंबडीला नुसत्या खुराड्यात दोन चौरस फूट आणि त्याला जोडून जाळीच्या आवारात आठ ते दहा चौरस फूट जागा मिळावी, असे मी नेहमी सांगत आलो. जागा कमी असली की वरच्या कोंबडीने हुसकावल्यावर खालचीला पळून जायला वाट उरत नाही. मोकळ्या परसात चार पावले बाजूला होऊन जे भांडण मिटते, ते कोपऱ्यात अडकल्यावर रक्तापर्यंत जाते.

दिव्याची बाब आणखी महत्त्वाची आहे. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाचा आणि दिव्याचा मिळून १४ ते १६ तास उजेड पुरेसा होतो. रात्रभर उजेड राहिला तर तिला झोपच लागत नाही, चिडचिड वाढते, आणि प्रखर उजेडात शेजारणीच्या अंगावरचा लहानसा लाल ठिपकाही सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. लाल रंगाकडे कोंबडीची चोच ओढली जाते. म्हणूनच एकीला रक्त आले की तास-दोन तासांत सगळा कळप तिच्यावर तुटून पडतो आणि लोक त्याला चटक म्हणतात. आजच तो बल्ब काढा. मुंगसासाठी बारीक छिद्रांची पक्की जाळी लावा आणि ती जमिनीत फूटभर पुरा. ओलीसाठी छपराजवळ हवा खेळू द्या आणि तळाशी भाताच्या तुसाचा चार बोटे जाड थर घाला. तो रोज वरखाली करत जा, म्हणजे तो कोरडा राहील.

आता खाणे. कणीत प्रथिने साधारण आठ टक्के असतात आणि कोंड्यात त्याहून थोडी अधिक, तर अंडी देणाऱ्या कोंबडीला आहारात १६ ते १८ टक्के प्रथिने लागतात. पीस हे जवळजवळ सगळे प्रथिनांचेच बनलेले असते. अंगात प्रथिने, त्यातही मेथिओनिन नावाचा घटक, आणि मीठ कमी पडले की कोंबड्या पिसे खाऊ लागतात, हे आमच्या शास्त्रात फार पूर्वीपासून माहीत आहे. परसात हिंडताना ही तूट किडे भरून काढत होते. आपण कोंबड्या आत घेतल्या, पण किड्यांची जागा कशानेच भरली नाही.

माळकरी | १३ जुलै

डॉक्टरसाहेबांच्या मताला एक व्यावहारिक जोड देतो. आमच्याकडे माणदेशात तीन भाग भरडलेला मका आणि एक भाग शेंगदाण्याची पेंड असे मिश्रण करतात. मक्यात नऊ टक्के आणि पेंडीत चाळीसच्या आसपास प्रथिने धरली तर मिश्रण साडेसोळा-सतरा टक्क्यांवर येते. मात्र पावसाळ्यात पेंडीला बुरशी लवकर धरते आणि त्या बुरशीचे विष कोंबडीच्या यकृतावर जाते, म्हणून पेंड आठवड्याला पुरेल एवढीच आणावी आणि वास घेऊन पाहावी. कोकणात वाळवलेला जवळा मिळतो. तो मूठभर कुटून घातला तर मेथिओनिनची उणीवही भरून निघेल, कारण नुसत्या शेंगदाण्याच्या पेंडीत ते कमी असते. खारवलेले मासे मात्र देऊ नयेत, कारण मीठ कमी पडल्याने जितका त्रास होतो त्याहून अधिक घात जास्त मिठाने होतो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा, म्हणजे ज्या कोंबडीला गरज असेल ती आपापला खाते.

आमचा त्रास उन्हाळ्याचा असतो, तोही इथे नोंदवून ठेवतो. कोंबडीला घाम येत नाही. पारा ३२ अंशांच्या वर गेला की ती चोच उघडी टाकून धापा टाकते, आणि सावली व पाणी एकाच ठिकाणी असेल तर तिथे बलवान कोंबड्या ठाण मांडून बसतात. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवल्यावर आमच्याकडचे एप्रिल-मे महिन्यांतले टोचणे बहुतांशी थांबले.

शेतावर राहतो | १४ जुलै

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळ्यांच्या चोचीचे टोक कापून घ्यावे. मोठ्या पोल्ट्रीत सर्रास कापतात आणि प्रश्न मिटतो.

पशुसेवक निवृत्त | १४ जुलै

आपल्या मताचा आदर राखून मी याला स्पष्ट विरोध नोंदवतो. चोचीचे टोक म्हणजे आपल्या नखासारखा निर्जीव भाग नव्हे. त्यात स्पर्श जाणणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात आणि वाढलेल्या पक्ष्याची चोच कापली तर तिथे दीर्घकाळ वेदना राहू शकते. मोठ्या पोल्ट्रीत हे काम पिल्लू अगदी लहान असताना यंत्राने करतात, घरी सुरीने करण्याची ती गोष्ट नव्हे. शिवाय परसातल्या कोंबडीला किडा पकडायला, पाला तोडायला आणि अंगावरच्या उवा वेचायला तीच चोच लागते. चोच कापल्याने जखमा कमी दिसतील, पण उपासमार, कोंडमारा आणि झोपेचा अभाव जसाच्या तसा राहील.

वंशाचाही भाग यात असतो, तो नाकारता येत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी केलेला आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला नेहमी आठवतो. एकेकटी सर्वांत जास्त अंडी देणारी कोंबडी निवडण्याऐवजी त्यांनी ज्या पिंजऱ्यातला सगळा गट मिळून चांगली अंडी देतो आणि जगतो, तो गटच्या गट पुढच्या पिढीसाठी निवडला. चोची न कापताही वर्षभरातले मृत्यूचे प्रमाण दुसऱ्या पिढीतल्या ६८ टक्क्यांवरून चौथ्या पिढीत ८.८ टक्क्यांवर आले. आपल्या परसापुरता मी त्यातून एवढाच बोध घेतो की, पिल्ले काढण्यासाठी अंडी ठेवताना केवळ दांडगी किंवा अधिक अंडी देणारी कोंबडी पाहू नये. सोबतिणींना जगू देणाऱ्या कोंबडीची अंडी आधी ठेवावीत.

टेम्सकाठी | १४ जुलै

मी इंग्लंडमध्ये राहते आणि घरामागच्या लहानशा बागेत सहा कोंबड्या पाळते. ताईंचे वर्णन वाचून मला आमचा २०२२चा हिवाळा आठवला. बर्ड फ्लूमुळे ७ नोव्हेंबर २०२२ पासून १८ एप्रिल २०२३ पर्यंत इथे सर्व पाळीव कोंबड्यांना आत बंद ठेवण्याचा सरकारी आदेश होता. एरवी गवतावर हिंडणाऱ्या माझ्या कोंबड्या डिसेंबर उजाडेपर्यंत एकमेकींची पिसे उपटू लागल्या होत्या. जागा वाढवणे मला शक्य नव्हते, म्हणून मी त्यांच्या चोचीला दिवसभर काम मिळेल अशी योजना केली. कोबीचा गड्डा सुतळीने डोक्याच्या उंचीवर टांगला. दाणे भांड्यात न देता वाळलेल्या गवतात मिसळून पसरले, त्यामुळे जे दाणे दहा मिनिटांत संपत ते वेचायला दीड-दोन तास लागू लागले. पाटीत कोरडी माती आणि राख घालून लोळायला दिली. एक जुना ओंडका आत ठेवला आणि एक फळी भिंतीला टेकवून उभी केली, म्हणजे दुबळ्या कोंबडीला दांडग्या कोंबडीच्या नजरेआड जाता येईल. ही नजरेआड होण्याची सोय मला सर्वांत उपयोगी वाटली. एका आठवड्यात उपटणे कमी झाले, पण पूर्ण थांबायला महिना लागला, म्हणून ताईंनी दोन दिवसांत फरक दिसला नाही तरी धीर सोडू नये.

जांभा | १४ जुलै

फार उपयुक्त प्रतिसाद आहे. राखेच्या पाटीबद्दल आणखी सांगतो. अंगाला उवा असतील तर कोंबडी बेचैन होते आणि स्वतःचीही पिसे उपटते. दिवसा पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसे बाजूला सारून पाहावे. मात्र रक्त पिणारी तांबडी गोचडी दिवसा काठ्यांच्या फटींत लपते आणि फक्त रात्री अंगावर चढते. म्हणून रात्री बॅटरी घेऊन जावे आणि बसायच्या काठीच्या खालच्या बाजूने पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर लाल डाग उमटले तर दुखणे काठीत आहे असे समजावे, आणि कोंबडीबरोबर काठ्या व फटीही साफ कराव्यात.

परसदार | २० जुलै

सर्वांचे मनापासून आभार. आठवड्याभरात जे केले ते सांगते. बल्ब त्याच रात्री काढला. पहिल्या रात्री कोंबड्या बराच वेळ कुरकुरत होत्या, दुसऱ्या रात्रीपासून अंधार पडताच काठीवर शांत बसू लागल्या. गोठ्याच्या पडवीला लागून बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद आवार जाळीने बंदिस्त करून घेतले आणि त्यावर जुने पत्रे टाकले, त्यामुळे पावसातही त्यांना कोरड्या जमिनीवर उकरता येते. दाण्याची भांडी एकाची तीन केली आणि एकमेकांपासून लांब ठेवली. मक्याची भरड, पेंड आणि जवळा सुरू केला. पांढऱ्या फडक्यावर लाल डाग आले नाहीत, तेव्हा गोचडीची शंका फिटली. दोघींच्या अंगावर उवा मात्र सापडल्या आणि तालुक्याच्या दवाखान्यातून त्यासाठी औषध आणले आहे.

गिरिराज कोंबड्यांना नव्याने टोचलेले गेल्या तीन दिवसांत दिसले नाही. दोन प्रश्न राहिले आहेत. कडकनाथाची तलंग बरी होत आली आहे, पण डालगे उचलले की तिघी तिच्याकडे धावतात. तिला परत कशी मिसळावी? आणि कोंबड्याचे काय करावे?

पशुसेवक निवृत्त | २० जुलै

तलंगेच्या जखमेवर पूर्ण खपली धरून ती गळून पडेपर्यंत तिला मिसळू नका. लाल कातडी दिसत असताना सोडलेली कोंबडी पुन्हा जखमी होणारच. नवी पिसे फुटताना त्यांच्या नळीत रक्त असते, तेव्हाही काही दिवस लक्ष ठेवावे लागेल.

नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लीफ श्येल्डरूप-एब्बे यांनी लहानपणापासून घरच्या कोंबड्यांची निरीक्षणे करून १९२२ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातून चोचीच्या उतरंडीची कल्पना जगाला मिळाली. कोंबड्या एकमेकींना चेहऱ्याने ओळखतात आणि कोणी कोणाला चोच मारायची हे प्रत्येक जोडीचे ठरलेले असते, असे त्यांनी दाखवले. आपली तलंग दोन आठवडे दूर राहिली, तेवढ्यात तिचा उतरंडीतला जिना मोडला. आता ती त्यांच्या लेखी परकी आहे, आणि सगळ्यांत काळी असल्यामुळे वेगळी उठूनही दिसते.

म्हणून नव्या आवारातच जाळीचा आडपडदा लावून तिला आठवडाभर ठेवा. सगळ्यांना ती दिसावी, दाणा जाळीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी मिळावा, पण चोच पोहोचू नये. तिच्या सोबतीला सर्वांत गरीब स्वभावाची एक गावठी कोंबडी ठेवा, म्हणजे परतताना ती एकटी पडणार नाही. मग एका संध्याकाळी अंधार पडल्यावर दोघींना काठीवर बसवा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः तिथे हजर राहा. डोक्यावर दोन-चार चोची बसतील, त्यात पडू नका. रक्त आले किंवा तिला कोपऱ्यात दाबून धरले, तरच हात घाला.

त्याच वेळी टोचणाऱ्यांत जी मुख्य असेल तिला चार-पाच दिवस दूर, नजरेआड ठेवून पाहावे. परतल्यावर तिलाही आपले स्थान पुन्हा मिळवावे लागते, आणि बहुधा ती नरम होऊन येते.

एक वेगळी सूचना याच ओघात करतो. बाजारातून आणलेली अनोळखी कोंबडी मात्र या रीतीने लगेच जाळीशेजारी ठेवू नये. तिला किमान तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवावे. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच नवापूर परिसरात आढळला होता, आणि राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग तर गावोगावी असतोच. एरवी शांत असलेली कोंबडी एकाएकी मलूल झाली आणि बाकीच्या तिला टोचू लागल्या, तर ती आजारी आहे का हे आधी पाहावे, कारण दुबळेपणा कोंबड्यांना माणसांच्या आधी कळतो.

जांभा | २१ जुलै

कोंबड्याविषयी मी लिहितो, कारण असा एक कोंबडा मी वर्षभर सांभाळला आहे. कोंबडा बहुधा पाच-सहा महिन्यांचा होऊन वयात आला की माणसाला अजमावू लागतो. आधी तो एक पंख खाली सोडून तिरका तिरका आपल्याभोवती फिरतो. कोंबडीपुढे तो असाच नाचतो आणि प्रतिस्पर्ध्यापुढेही. तेव्हाच ते ओळखावे. आपण घाबरून पळालो तर तो जिंकतो, आणि लाथ मारली किंवा काठी उगारली तर आपण लढायला तयार झालो असे समजून तो दुसऱ्या दिवशी अधिक त्वेषाने येतो. मी उलट मार्ग धरला. जाड विजार आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून मी त्याच्यासमोर नुसता उभा राहत असे, मागे सरत नसे आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहत नसे. तो थांबला की जमिनीवर दाणे टाकून संथपणे निघून जाई. रोज संध्याकाळी अंधारात त्याला काठीवरून उचलून, पंख अंगाशी धरून, काखेत घेऊन दहा मिनिटे फिरवत असे. दीड महिन्यात त्याचे माझ्यावर येणे थांबले. माझ्या पत्नीवर मात्र तो येतच राहिला, कारण हे सगळे मी एकट्यानेच केले होते. घरातल्या प्रत्येकाने तसेच वागायला हवे होते, हे मला उशिरा कळले.

आपल्याकडे १२ कोंबड्यांत दोन कोंबडे आहेत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, म्हणजे दुसऱ्याची गरज नाही, आणि दोघांच्या चढाओढीत कोंबड्यांच्या पाठीही सोलवटतात. काट्याचे टोक कानशीने बोथट करता येते, पण काट्याच्या आत हाड आणि रक्त असते, म्हणून मुळाशी कापू नये.

शेजारच्या मुलाबद्दल विचारतो: त्याला धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आहे का? लहान मुलाची उंची अशी असते की पुढची उडी त्याच्या डोळ्यावर बसू शकते. कोंबडा सुधारेपर्यंत, किंवा तो जाईपर्यंत, मुले आवारात जाणार नाहीत याची पक्की व्यवस्था करावी. यात तडजोड नको.

वैनगंगा | २२ जुलै

मी गडचिरोली जिल्ह्यातला आहे. ताईंना एका गोष्टीबद्दल सावध करावेसे वाटते. अंगावर धावणारा कोंबडा आहे असे गावात कळले की त्याला दुप्पट किंमत देणारे लोक दारात येतात. आमच्या भागात कोंबडबाजार भरतात आणि तिथे अशा कोंबड्याच्या पायाला काती, म्हणजे धारदार पाते, बांधून त्याला मरेपर्यंत झुंजवतात. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणे गुन्हा ठरवले आहे, तरी हे चालते. असील जातीचा कोंबडा मी स्वतः पाळला आहे. तो दुसऱ्या कोंबड्याशी जन्मजात वैर धरतो, पण माझ्या अंगाखांद्यावर बसत असे. कोंबड्यांशी लढणारा आणि माणसावर धावणारा हे वेगवेगळे असू शकतात, हे मला त्याच्यामुळे समजले. आपला कोंबडा द्यायचा झाला तर घेणाऱ्याला पुरते ओळखून द्यावा, आणि ओळखीचे कोणी नसेल तर घरच्या घरी त्याचा शेवट करणे मला अधिक दयेचे वाटते.

परसदार | ६ ऑगस्ट

मुलाला त्याच दिवशी इंजेक्शन दिले होते आणि त्याची जखम भरली आहे. जांभा दादांनी सांगितल्याप्रमाणे मी आणि माझे यजमान दोघेही कोंबड्यासमोर उभे राहण्याचा सराव करत आहोत. आम्हा दोघांवर तो आता क्वचित येतो. परंतु परक्या माणसाला पाहिले की त्याचा पवित्रा तोच राहतो, आणि आमच्या परसातून शेजारच्या घरी जायची वाट आहे. ती वाट मला बंद करता येत नाही. गेल्या आठवड्यात झुंजीवाल्यांपैकी एक जण खरोखरच विचारायला आला होता. वैनगंगा दादांचा प्रतिसाद आधीच वाचला असल्यामुळे मी त्याला ठाम नकार देऊ शकले.

अखेर आम्ही घरात बसून निर्णय घेतला आणि कोंबडा कापला. चार महिन्यांचा असल्यापासून मीच त्याला हातावर दाणे दिले होते, त्यामुळे ते मला सोपे गेले नाही. माणसाची भीती त्याला कधी वाटलीच नाही, याला माझे तसे वाढवणेही कारणीभूत असावे, असे आता वाटते. धाकटा कोंबडा हाताळताना मी ती चूक करणार नाही.

तलंग ३१ जुलैच्या रात्री काठीवर बसवली. पहिल्या सकाळी दोन वेळा तिच्या तुऱ्यावर चोच बसली, रक्त आले नाही. टोचणाऱ्यांतली मुख्य गावठी कोंबडी पाच दिवस माझ्या जावेच्या खुराड्यात होती. ती परत आली तेव्हा तिला स्वतःलाच तिसऱ्या भांड्यावर जावे लागले.

पशुसेवक निवृत्त | ६ ऑगस्ट

मुले ज्या वाटेने जातात तिथे असा कोंबडा ठेवता येत नाही, आपला निर्णय योग्यच आहे. पावसाळा संपल्यावर कोंबड्यांची जुनी पिसे झडू लागतील. त्या काळात अंडी कमी होतील, पण पेंड आणि जवळा कमी करू नका, कारण नवी पिसे त्यातूनच घडतात.

परसदार | १४ सप्टेंबर

शेवटची नोंद करते. दोन्ही गिरिराज कोंबड्यांच्या शेपटीची पिसे पुन्हा आली आहेत. कडकनाथाची तलंग काठीवर सर्वांत वर नसली तरी मधोमध बसते, आणि २८ ऑगस्टला तिने पहिले अंडे दिले. उघडीप असली की सकाळी चार तास सगळ्यांना काजूच्या बागेत सोडते आणि मी स्वतः जवळ थांबते, कारण मुंगूस अजून त्या बांधावर आहे. ज्या तिघींना काढून टाका असे घरातले म्हणत होते, त्यांच्यापैकी एक आजपासून खुडूक बसली आहे. गोठ्याच्या शांत कोपऱ्यात पाटीत गवत घालून तिच्याखाली ११ अंडी ठेवली आहेत. त्यांतली बहुतेक तिच्या गरीब स्वभावाच्या सोबतिणीची आहेत. ५ ऑक्टोबरच्या सुमारास पिल्ले निघावीत. पिल्लांना मोठ्या कळपात कधी आणि कसे मिसळावे, हे विचारण्यासाठी मी तेव्हा वेगळा धागा काढीन.